हिवाळ्यातील लवकरची सांज आणि मनाचे आरोग्य

दरवर्षी २२ डिसेंबरच्या सुमारास कोलकात्याच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक या वसाहतीत सूर्य पाच वाजण्यापूर्वीच, म्हणजे सुमारे ४ वाजून ५७ मिनिटांनी, मावळतो. त्याच दिवशी मुंबईत सूर्यास्त होण्यास सुमारे ६ वाजून ५ मिनिटे व्हावी लागतात. दोन्ही शहरांतील घड्याळे एकच वेळ दाखवीत असतात. तथापि एका शहरात घरोघर दिवे लागलेले असतात आणि दुसऱ्या शहरात मुले अद्याप मैदानावर खेळत असतात. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून कोलकात्यास गेलेल्या कुटुंबास तेथील हिवाळ्यात हा फरक जाणवल्याखेरीज राहत नाही.

सांज लवकर झाली की जीव हुरहुरतो, कामात मन लागत नाही, असे पुष्कळ लोक सांगतात. ही केवळ मनाची समजूत आहे, की तिच्या मुळाशी शरीराचा काही धर्म आहे? असल्यास त्यावर घरगुती उपाय कोणता करता येईल, आणि वैद्याकडे जाणे केव्हा आवश्यक ठरते? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. उदाहरणादाखल आपण सॉल्ट लेक हीच वस्ती घेऊ. कारण हिवाळ्यात मनावर ताण आणणारी बहुतेक कारणे तेथे एकत्र आढळतात.

सूर्य आणि घड्याळ

पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत एक फेरी पूर्ण करते. यास्तव एक अंश रेखांश ओलांडण्यास सूर्याला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व या रेखांशावरून ठरविलेली आहे. सॉल्ट लेक या रेषेच्या सुमारे सहा अंश पूर्वेस असल्यामुळे तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारे २४ मिनिटे पुढे असतो. मुंबई सुमारे पावणेदहा अंश पश्चिमेस असल्यामुळे तेथील सूर्य सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. दोहोंची बेरीज एक तासाहून किंचित अधिक होते.

पूर्वी हा फरक घड्याळातच सामावून घेतलेला होता. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तरी कोलकात्याने आपली स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने आपली १९५५ पर्यंत टिकवून ठेवली होती. जुन्या कलकत्ता वेळेप्रमाणे मोजल्यास डिसेंबरातील हाच सूर्यास्त ५ वाजून २० मिनिटांनी होतो, असे म्हणावे लागले असते.

आता दिवसाची लांबी पाहू. २२ डिसेंबरला मुंबईचा दिवस सुमारे ११ तासांचा, तर कोलकात्याचा सुमारे पावणेअकरा तासांचा असतो. म्हणजे कोलकात्यातील मनुष्यास मुंबईकरापेक्षा फक्त पाव तास प्रकाश कमी मिळतो. फरक आहे तो प्रकाशाच्या वेळेत. मुंबईत त्या दिवशी सूर्य ७ वाजून ८ मिनिटांनी उगवतो. सॉल्ट लेकमध्ये तो ६ वाजून १२ मिनिटांनीच वर आलेला असतो. संध्याकाळी हरवलेला तास पहाटे परत मिळालेला असतो. परंतु त्या वेळी बहुतेक लोक पांघरुणात असतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचनाचा कल तिच्याकडेच आहे.

डोळ्याचे दुसरे कार्य

डोळा पाहण्यासाठी असतो हे आपण लहानपणापासून जाणतो. त्याला आणखी एक काम आहे, हे मात्र शास्त्रज्ञांस अलीकडे उमगले. १९९८ मध्ये मेलॅनॉप्सिन नावाच्या प्रकाशग्राही द्रव्याचा शोध लागला, आणि २००२ मध्ये असे सिद्ध झाले की दृष्टिपटलातील काही थोड्या चेतापेशी या द्रव्याच्या योगे स्वतःच प्रकाश ओळखतात. वस्तूंचे रूप दाखविणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. बाहेर दिवस आहे की रात्र, ही वार्ता त्या मेंदूस पोहोचवितात. निळसर प्रकाशास त्या विशेषेकरून प्रतिसाद देतात, आणि सकाळच्या मोकळ्या आकाशात असा प्रकाश विपुल असतो.

ही वार्ता मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा पेशीपुंजाकडे जाते. यासच शरीराचे जैविक घड्याळ म्हणतात. झोप, भूक, शरीराचे तापमान आणि अनेक अंतःस्रावांची वेळ हे घड्याळ ठरविते. मनुष्याचे हे घड्याळ २४ तासांहून किंचित सावकाश चालणारे असल्यामुळे ते रोज जुळवून घ्यावे लागते, आणि ते जुळविण्याचे प्रधान साधन म्हणजे प्रकाश होय. सकाळचा प्रकाश ते पुढे सारतो; रात्रीचा प्रखर प्रकाश ते मागे ढकलतो. अंधार पडल्यावर मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन हा स्राव सोडते व त्यामुळे शरीरास रात्र झाल्याची सूचना मिळते. प्रखर प्रकाश मनुष्याच्या शरीरातही हा स्राव थोपवितो, असे १९८० मध्ये दाखविण्यात आले.

येथे प्रकाशाच्या मापाचा थोडा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल. एखाद्या पृष्ठावर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजतात. रात्री दिवा लावलेल्या सामान्य खोलीत साधारण १०० ते ३०० लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशी उघड्यावर काही हजार लक्स, आणि लख्ख उन्हात एक लक्षापर्यंत लक्स प्रकाश मिळतो. आपल्या डोळ्यांस खोलीतील उजेड पुरेसा वाटतो, कारण अंधुकपणाशी जुळवून घेण्याची त्यांची शक्ती मोठी आहे. जैविक घड्याळास मात्र तो संधिप्रकाशासारखाच भासतो. दिवसभर घरात वा कार्यालयात बसून राहणारा मनुष्य या अर्थाने दिवसाही अर्ध्या काळोखात राहतो.

हिवाळी विषाद म्हणजे काय?

१९८४ मध्ये अमेरिकेतील नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विशिष्ट विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. काही व्यक्तींना दरवर्षी हिवाळा सुरू होताच खिन्नता ग्रासते. त्यांना झोप जास्त येते, गोड व पिष्टमय पदार्थ खाण्याची वासना वाढते, अंग जड वाटते, आणि वसंत ऋतू येताच हे सारे ओसरते. यास ऋतुजन्य विषाद असे म्हणता येईल. सुमारे १०,००० लक्स प्रकाश देणाऱ्या दिव्यासमोर रोज सकाळी अर्धा तास बसविल्यास अशा रुग्णांपैकी अनेकांस आराम पडतो.

हा विकार मुख्यतः विषुववृत्तापासून दूरच्या देशांत अभ्यासिला गेला आहे. लंडनमध्ये डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही नसतो. नॉर्वेतील ट्रॉम्सो या नगरात तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. त्या मानाने कोलकात्याचा पावणेअकरा तासांचा दिवस भरपूर मोठा म्हटला पाहिजे. तेव्हा सॉल्ट लेकमध्ये डिसेंबरात उदास झालेल्या प्रत्येक मनुष्यास हा विकार जडला आहे, असे समजणे चुकीचे होईल. आकाशात प्रकाश पुरेसा आहे. तो मनुष्यापर्यंत पोहोचतो की नाही, हा येथील खरा प्रश्न होय.

एका वसाहतीचे उदाहरण

सॉल्ट लेक ही वसाहत खाऱ्या सरोवरांच्या दलदलीत भर घालून निर्माण करण्यात आली. हुगळी नदीतील गाळ नळांतून आणून टाकण्याच्या कामास १६ एप्रिल १९६२ रोजी मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी आरंभ केला. १ जुलै १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे या नगरास बिधाननगर हे नाव मिळाले. नगराचा आराखडा युगोस्लाव्हियाचे वास्तुविशारद दोब्रिवोये तोश्कोविच यांनी तयार केला. रुंद रस्ते, अक्षरांनी ओळखले जाणारे ब्लॉक, ब्लॉकांतील उद्याने आणि मधोमध सेंट्रल पार्कचे विस्तीर्ण मैदान, अशी त्याची रचना आहे. ज्या नगराची मुहूर्तमेढ एका नामांकित वैद्याने रोविली, त्यात उजेड आणि मोकळी हवा यांची तरतूद असावी, हे उचितच म्हटले पाहिजे.

तथापि नगराच्या रचनेत प्रकाश असला म्हणजे तो तेथील जीवनक्रमातही असतोच असे नाही. येथे दोन प्रकारच्या रहिवाशांचा विचार करू.

पहिला प्रकार वृद्धांचा. १९७० नंतरच्या दोन दशकांत ज्यांनी येथे घरे बांधली, त्यांची पिढी आता थकली आहे. पुष्कळांची मुले बंगळूर, लंडन वा अमेरिका येथे स्थायिक झाली असून दुमजली घरात एक वा दोन वृद्ध राहतात. अशा गृहस्थाचा हिवाळ्यातील दिवस पाहा. बाहेर धुके व थंडी म्हणून सकाळी खिडक्या बंद. दहा वाजेपर्यंत शाल पांघरून खोलीत वृत्तपत्रवाचन. दुपारी जेवणानंतर निद्रा. साडेचार वाजता जाग येते तो ऊन भिंतीवरून उतरलेले. पाचला अंधार पडतो आणि झोपण्याच्या वेळेपर्यंत पाच तासांची संध्याकाळ समोर उभी राहते. परदेशातील मुलाचा फोनही लवकर येत नाही, कारण येथे सायंकाळचे पाच वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. दुर्गापूजा व कालीपूजा यांची गर्दी ओसरल्यानंतर ही शांतता अधिकच भासते. या मनुष्याला एकाकीपणाचे दुःख तर आहेच. शिवाय दिवसाचा प्रकाश त्याच्या वाट्यास जवळजवळ आलेलाच नाही.

दुसरा प्रकार सेक्टर पाचमधील संगणक कार्यालयांत रात्रपाळी करणाऱ्या तरुणांचा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. परिणामी न्यूयॉर्कमधील सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडील सायंकाळचे साडेसहा, तर हिवाळ्यात साडेसात होतात. अमेरिकेच्या वेळेशी बांधलेल्या पाळ्या अशा रीतीने ऐन हिवाळ्यात तासभर उशिरा सरकतात. पहाटे घरी परतून दुपारी तीन-चार वाजेपर्यंत झोपणाऱ्या तरुणास डिसेंबरात सूर्यदर्शन घडते ते जेमतेम तासभर.

धुराचे झाकण

यावर कोणी म्हणेल, उपाय सोपा आहे; पहाटे उठून फिरावयास जावे. माकडटोपी व मफलर घालून पहाटे फिरणारे गृहस्थ कोलकात्यात हिवाळ्यात सर्वत्र दिसतात. परंतु येथे एक अडचण आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय असा सल्ला देणे योग्य होणार नाही.

हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असते व वारा पडलेला असतो. जमीन आपली उष्णता वेगाने गमावते व तिच्या लगतची हवा थंड होते. वरची हवा त्या मानाने उबदार राहते. थंड हवा जड असल्यामुळे ती वर चढत नाही. उबदार थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. हवामानशास्त्रात यास तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, कचरा व शेकोट्या जाळल्याने होणारा धूर हे सर्व त्या झाकणाखाली कोंडून राहतात आणि दमट हवेतील धुक्याशी मिसळतात. सूर्य वर येऊन जमीन तापली म्हणजे झाकण उठते व हवा वर-खाली खेळू लागते. म्हणून हिवाळ्यात सूर्योदयाच्या आसपासची हवा ताजी वाटली तरी बहुधा ती स्वच्छ नसते. सकाळी नऊ-दहानंतर ती तुलनेने सुधारते.

बिधाननगरात हवेची गुणवत्ता मोजणारे केंद्र आहे व त्याचे आकडे जनतेस पाहता येतात. राष्ट्रीय निर्देशांकाप्रमाणे ५० पर्यंत हवा चांगली, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट आणि ३०१ च्या पुढे अतिशय वाईट समजतात. दमा वा हृदयविकार असणाऱ्यांनी हा आकडा पाहूनच बाहेर पडण्याची वेळ ठरवावी.

काय करावे?

वरील विवेचनावरून पुढील नियम निघतात.

पहिला नियम प्रकाशाचा. जाग येताच पडदे दूर सारावेत व खिडकीजवळ बसून चहा घ्यावा. नंतर धुके विरळ झाल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, किमान अर्धा तास उघड्यावर घालवावा. चालणे शक्य असल्यास उत्तम. नसल्यास गच्चीवर वा सज्जात खुर्ची टाकून वृत्तपत्र वाचले तरी चालेल. धुरकट आकाशाखालीही खोलीतल्यापेक्षा कितीतरी पट प्रकाश मिळतो. सूर्याकडे टक लावून मात्र कधीही पाहू नये. त्याने दृष्टीस कायमची इजा होते. आकाशाचा उजेड डोळ्यांवर सहज पडणे एवढेच पुरे आहे.

दुसरा नियम झोपेचा. उठण्याची वेळ रविवारीही बदलू नये. दुपारची झोप अर्ध्या तासाहून अधिक नसावी व तीनच्या आत संपावी. रात्री झोपण्यापूर्वी तासभर दिवे मंद करावेत व फोनचा पडदा दूर ठेवावा. रात्रपाळी करणाऱ्यांनी घरी येताच खोली पूर्ण अंधारी करून झोपावे; मात्र शक्य तर दुपारी दोनपूर्वी उठावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी दोन-अडीच तासांचा उजेड हाती लागतो.

तिसरा नियम संध्याकाळचा. पाच ते सात हा काळ रिकामा ठेवू नये. ‘मन प्रसन्न झाले की बाहेर पडेन’ असे उदास मनुष्य म्हणतो; अनुभव असा आहे की आधी बाहेर पडावे लागते, प्रसन्नता मागाहून येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ऋतुजन्य विषादाच्या रुग्णांपैकी काहींस प्रकाशोपचार देण्यात आला, तर काहींस विचारांची व दिनक्रमाची सवय बदलण्याचे शिक्षण देण्यात आले. त्या हिवाळ्यात दोन्ही उपायांचा गुण सारखाच आला; परंतु दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात, ज्यांना शिक्षण मिळाले होते त्यांच्यात विकार उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. जो उपाय मनुष्य स्वतः करावयास शिकतो तो टिकतो, असा याचा अर्थ घेता येईल.

सुदैवाने कोलकात्याचा हिवाळा अशा उद्योगांना अनुकूल आहे. जानेवारीत रात्रीचे तापमान साधारण १४ अंशांपर्यंतच उतरते. घरात कोंडून घ्यावे अशी ती थंडी नव्हे. मोहल्ल्यांत दिव्यांखाली बॅडमिंटनचे खेळ रंगतात. पौष संक्रांतीस खजुराच्या नव्या गुळाचे पिठे घरोघर होतात, जसे आपल्याकडे तिळगूळ होतात. २०१८ पासून कोलकात्याचा प्रसिद्ध पुस्तकमेळा सेंट्रल पार्कच्याच परिसरात भरू लागला. सॉल्ट लेकमधील वृद्ध वाचकास तो पायी गाठता येतो. ज्यास गर्दी सोसत नाही त्याने एका शेजाऱ्याबरोबर रोज ठरलेल्या वेळी पट मांडून बसावे. संगतीचे मोल माणसांच्या संख्येवर नसते, नियमितपणावर असते.

चौथा नियम शेजाऱ्यांसाठी आहे. ज्या घरात दिवसेंदिवस खिडकी उघडत नाही, त्या घराची कडी आपण होऊन वाजवावी. बिधाननगरच्या पोलिसांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी ‘साँझबाती’ हा उपक्रम चालविला. सांजवात हा आपलाही शब्द आहे. परंतु कोणतीही व्यवस्था शेजाऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

वैद्याकडे केव्हा जावे?

सांजवेळची हुरहूर आणि विषाद हा आजार यांत भेद आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक काळ मन खिन्न राहिले, आवडीच्या गोष्टींतील रस गेला, झोप वा भूक पार बिघडली, स्वतः निरुपयोगी असल्याचे वाटू लागले, तर त्यास ऋतूचा दोष म्हणून सोडून देऊ नये. वृद्धांमध्ये अवटु ग्रंथीचा मंदपणा वा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही अशी लक्षणे दिसतात. त्यांची तपासणी रक्ताच्या चाचणीने होते. प्रकाशोपचाराचा दिवाही नेत्रविकार असणाऱ्यांनी, तसेच ज्यांचे मन कधी अतिशय उल्हसित तर कधी अतिशय खिन्न होते अशांनी, वैद्याच्या सल्ल्यावाचून वापरू नये.

मनाच्या आजारासाठी सामान्य रुग्णालयात जाण्यात कमीपणा नाही. भारतात सामान्य रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग प्रथम सुरू झाला तो कोलकात्यातच, १९३३ मध्ये, आज ज्यास आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालय म्हणतात त्या संस्थेत, डॉ. गिरींद्रशेखर बोस हे त्याचे प्रवर्तक होत. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध झाली असून मराठी व बंगाली या भाषांतही तेथे बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात डोकावल्यास क्षणाचाही विलंब न लावता घरच्यांस सांगावे व मदत घ्यावी.

विद्यार्थ्यांसाठी निरीक्षण

शाळेच्या अंगणात एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करावी व तिची सावली सर्वांत आखूड होते ती घड्याळाची वेळ टिपावी. हा आपल्या गावचा मध्यान्ह होय. तो बारापूर्वी येतो की नंतर, यावरून आपले गाव प्रमाणवेळेच्या रेषेच्या पूर्वेस आहे की पश्चिमेस, हे साधारणपणे समजते. सूर्याच्या भासमान गतीतील भेदामुळे यात ऋतूपरत्वे पाव तासापर्यंत चूक संभवते; म्हणून निरीक्षण वर्षातून चार वेळा करावे. दुसऱ्या वहीत आठवडाभर रोज आपण उघड्यावर किती मिनिटे होतो, रात्री झोप कशी लागली व दुसऱ्या दिवशी मन कसे होते, याची नोंद करावी. हीच नोंद घरातील आजी-आजोबांविषयीही ठेवावी. त्यांची मिनिटे मोजताना बहुतेक विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल की, ती वाढविण्यासाठी औषधाची नव्हे तर सोबतीची गरज आहे.

सूर्य लवकर मावळतो यावर मनुष्याचा इलाज नाही. परंतु तो लवकर उगवतोही. आणि त्याने सकाळी देऊ केलेला प्रकाश घेणे, तसेच ज्याला एकट्याने घेता येत नाही त्याचा हात धरून त्यास उन्हात नेणे, हे आपल्या हातचे आहे.